नाव काढलं की हजर

परवा मुलीच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून दिलं. तिची एकच अट होती. "बाबा, डब्यातलं सगळं मला माझ्याच फोल्डरात दिसलं पाहिजे. दरवेळी जोडा, पासवर्ड घाला, हे मी करणार नाही." डबा म्हणजे आमच्या कपाटात ठेवलेला छोटा सर्व्हर. घरातले फोटो, बिलं, जुनी पत्रं असं सगळं त्यात असतं. मी एफएसटॅब नावाच्या फाइलमधे एक ओळ लिहिली, यंत्र बंद करून चालू केलं आणि तिला म्हटलं, "उघड." तिने फोल्डरवर क्लिक केलं, अर्धा क्षण गेला आणि डबा उघडला. तिने "हं" एवढंच म्हटलं आणि कामाला लागली.

त्या अर्ध्या क्षणात मात्र माझ्या पोटात गोळा आला होता. त्याचं कारण शेवटाकडे सांगतो. आधी हा अर्धा क्षण कुठून आला ते सांगतो, कारण त्यामागे पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो फारसा कुणी मराठीत सांगितलेला माझ्या वाचनात नाही.

सुरुवात 'माउंट' या शब्दापासून करू. आज हा शब्द नुसती आज्ञा आहे, पण एके काळी ते अंगमेहनतीचं काम होतं. संगणक मोठ्या खोलीत असायचा, चकत्या काढता-घालता यायच्या. ऑपरेटर कपाटातून चकतीची पेटी काढायचा आणि यंत्रावर चढवायचा, म्हणजे 'माउंट' करायचा. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळातली आरके०५ ही चकती साधारण अडीच मेगाबाइटची होती. आज मोबाइलवर काढलेला एखादा मोठा फोटोही तिच्यात मावला नसता. चकती चढवली की संगणकाला सांगावं लागे की बाबा रे, हिच्यातलं सामान अमुक फोल्डरखाली दाखव. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीची पुस्तिका नोव्हेंबर १९७१ची आहे आणि त्यात माउंट आहे. उलटी आज्ञा 'अनमाउंट' नसून 'यूमाउंट' आहे. मधला एक 'एन' तेव्हा गळला तो आजतागायत परत आलेला नाही!

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चकती जिथे जोडायची ते फोल्डर आधीपासून अस्तित्वात असावं लागतं. चकती जोडली की त्या फोल्डरात चकतीवरचं दिसतं आणि मूळचं जे काही असेल ते झाकलं जातं. चकती काढली की मूळचं पुन्हा दिसतं. नाव तेच, जागा तीच, पण आतलं वेगळं. भिंतीवर कॅलेंडर लावावं तसं. मागचा भिंतीचा तुकडा कुठे जात नाही, फक्त दिसत नाही.

आता मनुष्यस्वभाव असा की एकदा ही सोय कळल्यावर पुढचा प्रश्न येणारच: ही चकती याच खोलीत कशाला हवी? शेजारच्या संगणकावरची का नाही जोडता येणार? इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठात १९८२च्या सुमारास 'न्यूकॅसल कनेक्शन' नावाची गंमत झाली होती. युनिक्समधे सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी एक मूळ फोल्डर असतं, त्याच्या वर काही नसतं. या लोकांनी ठरवलं की मुळाच्याही वर जाता यावं, आणि वर गेलं की दुसरे संगणक दिसावेत. म्हणजे घराच्या गच्चीवर चढलात की शेजाऱ्यांच्या गच्च्या! कल्पना फार सुंदर होती, पण जगभर रुजली ती दुसरीच.

१९८२ साली कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. आम्हा पुणेकरांना हे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सांगून टाकलं. सन वर्कस्टेशनं बनवायची, पण चकत्या महाग होत्या. मग चकती नसलेलीच वर्कस्टेशनं का विकू नयेत? सगळी चकती एका सर्व्हरवर, बाकीच्यांनी तिथून घ्यावं. यासाठी त्यांनी नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, तयार केली. ती १९८५मधे लोकांच्या हाती आली आणि त्याच वर्षी रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर निबंध वाचला. मार्च १९८९मधे तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम आरएफसी १०९४ म्हणून प्रसिद्ध झाले. कुणीही वाचावेत आणि आपल्या यंत्रासाठी लिहावं. एटीअँडटीचा 'आरएफएस' नावाचा प्रतिस्पर्धी होता, पण जग सनच्या मागे गेलं. यात नियम मोकळे ठेवण्याचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

एनएफएसच्या मुळाशी एक विलक्षण निर्णय आहे: सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचं नाही. सरकारी कचेरीतली खिडकी आठवा. तुम्ही कालही आला होतात, अर्ध्या तासापूर्वीही आला होतात, पण आतल्या माणसाला त्याचं काही नाही. प्रत्येक वेळी पूर्ण अर्ज द्या: अमुक फाइल, अमुक जागेपासून, इतके बाइट. आपण अशा माणसावर वैतागतो, पण त्यात एक फायदा आहे. तो माणूस चक्कर येऊन पडला आणि त्याच्या जागी दुसरा बसला तरी तुमचं काम अडत नाही. पुन्हा तोच अर्ज द्यायचा. सर्व्हर बंद पडला, पुन्हा चालू झाला, तरी तुमचा प्रोग्राम जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू.

आणि तोवर? तोवर तो वाट बघतो. 'हार्ड' पद्धतीने जोडलेलं असेल तर कायम वाट बघतो. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांना तो संदेश पाठ असेल: सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे. 'अजून प्रयत्न चालू आहे' हे शब्द संगणकाने लिहिलेल्या सर्वांत करुण शब्दांपैकी असावेत. खिडक्या गोठायच्या, फाइलींची यादी मागितली की यंत्र मुकं व्हायचं, प्रोग्राम मारू म्हटलं तरी मरायचा नाही. 'सॉफ्ट' पद्धतही होती. तिच्यात काही वेळाने हार मानून चूक कळवली जाते. पण लिहिता लिहिता हार मानली तर फाइल अर्धवट राहते. गोठायचं की गमवायचं, यातलं एक निवडा.

एका सर्व्हरचं हे असं, मग वीस सर्व्हर असले तर? विद्यापीठांतून आणि कंपन्यांतून प्रत्येक यंत्रावर पाचपंचवीस फोल्डरं दूरची असायची. त्यातला एक सर्व्हर पडला की ज्याला त्याचं काही काम नाही अशी यंत्रंही अडकायची. आणि वीज गेली की खरी मजा. अ यंत्र चालू होताना ब-ची वाट बघतंय, ब-ला अ-वरचं काहीतरी हवंय. "पहले आप, पहले आप."

यावरचा उपाय म्हणजे ऑटोमाउंटर. सनने तो सनओएस ४.० मधे आणला, १९८८च्या सुमारास. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात यान-सायमन पेंड्री यांनी 'एएमडी' नावाचा स्वतंत्र ऑटोमाउंटर लिहिला, तो पुढे बर्कलीच्या युनिक्सबरोबर सगळीकडे गेला. कल्पना साधी आहे. चालू होताना काहीच जोडू नका. एक छोटा पहारेकरी बसवा. कुणी त्या फोल्डराचं नाव काढलं की तेवढ्यापुरतं जोडा, आणि काही मिनिटं कुणी फिरकलं नाही की सोडा. आपल्याकडे एखाद्याचं नाव काढावं आणि तो दारात उभा राहावा, की आपण म्हणतो शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. इथे प्रत्येक फोल्डर असं शंभर वर्षांचं!

पहारेकऱ्याने हे कसं साधलं ते मजेदार आहे. त्या काळी त्याला संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमधे, जागा नव्हती. म्हणून तो आपल्याच यंत्रावर खोटा एनएफएस सर्व्हर बनून बसायचा. कर्नलला वाटायचं आपण दूरच्या सर्व्हरशी बोलतोय, प्रत्यक्षात घरातलाच माणूस पडद्यामागून उत्तर देतोय. कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर याचे नकाशे सनच्याच 'यलो पेजेस' या सेवेतून सगळ्या यंत्रांना मिळायचे. ते नाव ब्रिटनमधे दुसऱ्याचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून सेवेचं नाव एनआयएस झालं, पण आज्ञांची सुरुवात 'वायपी' अशीच राहिली. या सगळ्याचं फळ असं की माणसाने इमारतीतल्या कुठल्याही यंत्रापुढे बसावं, नाव-पासवर्ड द्यावा आणि त्याचं घर त्याच्यापुढे यावं.

लिनक्समधे १९९७च्या सुमारास एच. पीटर अॅन्व्हिन यांनी ऑटोएफएस लिहिलं आणि हे सोंग बंद झालं. कर्नलमधेच एक छोटा भाग बसला. फोल्डराला कुणी हात लावला की तो त्या प्रोग्रामला झोपवतो, बाहेरच्या मदतनिसाला हाक मारतो, आणि जोडणी झाली की प्रोग्रामला उठवतो. प्रोग्रामला पत्ताही नसतो की आपण मधे झोपलो होतो. मुलीच्या लॅपटॉपवरचा तो अर्धा क्षण म्हणजे ही झोप.

ही झाली युनिक्सची कथा. पण तुमच्या-माझ्या कचेऱ्यांत आणि गल्लीतल्या सायबर कॅफेत नेटवर्क म्हणजे एके काळी विंडोजचं 'नेटवर्क नेबरहूड' असायचं. त्याची भाषा वेगळी, एसएमबी. ती आयबीएममधे बॅरी फायगेनबाउम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. १९९१च्या डिसेंबरात कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्रू ट्रिजेल या विद्यार्थ्याला आपल्या डॉसच्या पीसीवरून युनिक्सच्या यंत्रावरची चकती वापरायची होती. त्याने तारेवरून जाणारी पाकिटं पकडून पाहिली, कोण काय विचारतं आणि कोण काय उत्तर देतं हे टिपलं आणि तसंच बोलणारा सर्व्हर लिहिला. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीला कान लावून ऐकत भाषा शिकावी तसं. पुढे नाव बदलायची वेळ आली तेव्हा त्याने शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यातला एक होता 'सांबा'.

भिंतीला कान लावण्याचे दिवस पुढे संपले तेही कोर्टातून. युरोपीय आयोगाने २००४मधे मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि इतरांना जोडून घेता येईल इतकी माहिती द्या असा आदेश दिला. सप्टेंबर २००७मधे न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. त्याच वर्षी डिसेंबरात एकदाच १०,००० युरो भरून सांबाच्या मंडळींना ती कागदपत्रं मिळाली.

आपल्यासाठी यात एक खास अडचण होती. फाइलचं नाव मराठीत ठेवलं की जोडलेल्या फोल्डरात ते प्रश्नचिन्हांच्या माळेसारखं दिसायचं. 'आईची औषधे' आणि 'आजीच्या ओव्या' या दोन्ही फाइलींची नावं म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं. जोडताना अक्षरसंच यूटीएफ-८ आहे असं सांगितलं की सुटायचं, पण हे सांगायचं असतं हे कळायलाच मला कित्येक महिने लागले.

आणि आजीच्या ओव्यांवरून मी त्या पोटातल्या गोळ्याकडे येतो.

माझी आजी, आईची आई, वाई तालुक्यातली. तिने जात्यावरच्या ओव्या मामाने १९८६मधे टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. नऊ कॅसेटी. मधून मधून जात्याची घरघर, कुणाचं तरी खोकणं, दारातल्या कोंबड्या. २००६मधे त्या माझ्याकडे आल्या आणि मी पंधरा-वीस रविवार बसून त्या संगणकावर उतरवल्या. आमच्याकडे तेव्हा दोन संगणक होते, एक बाहेरच्या खोलीतला नवा आणि एक आतल्या खोलीतला जुना. दोन्हींवर लिनक्स. मी ठरवलं, रोज रात्री दोन वाजता नव्यावरचं सगळं जुन्यावर उतरलं पाहिजे. जुन्याची चकती एनएफएसने नव्यावर एका फोल्डराखाली जोडली, हाताने. 'चाचणी' नावाची एक फाइल टाकून पाहिली, पलीकडे पोचली. मग जोडणीची ओळ एफएसटॅबमधे लिहिली, नकलेची स्क्रिप्ट लावली, आणि निश्चिंत झालो. ऑटोएफएस तेव्हा उपलब्ध होतं, मला माहीतही होतं. पण एका फोल्डरासाठी कशाला तो व्याप, असं वाटलं.

झालं असं की नवा संगणक चालू होताना जोडणीची वेळ आधी यायची आणि नेटवर्क नंतर उठायचं. जोडणी फसायची. त्या काळ्या पडद्यावर सरसर जाणाऱ्या ओळींत तसं लिहूनही यायचं, पण त्या ओळी कोण वाचतो? रात्री दोनला स्क्रिप्ट उठायची. फोल्डर आहे का? आहे. रिकामं आहे, पण आहे. मग ती इमानेइतबारे सगळं त्यात उतरवायची. म्हणजे त्याच यंत्राच्या त्याच चकतीवर.

आणि मी तपासलं नाही असंही नाही! दोनचार वेळा ते फोल्डर उघडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. नाव तेच, जागा तीच. मी भिंत पाहत होतो आणि समजत होतो की कॅलेंडर पाहतोय.

त्या दिवाळीच्या आवराआवरीत मी कॅसेटी टाकून दिल्या. काहींना बुरशी आली होती, आणि आता तर दोन ठिकाणी आहे ना! हे वाक्य मी आईला उच्चारून सांगितलेलं आठवतं. २००७च्या उन्हाळ्यात लोडशेडिंगने दिवसातून कितीदा तरी वीज जायची. एका दुपारी वीज आली आणि नव्या संगणकाची चकती टक् टक् असा आवाज करत राहिली. मी फारसा घाबरलो नाही. आतल्या खोलीत गेलो, जुना संगणक लावला, फोल्डर उघडलं.

त्यात एकच फाइल होती. चाचणी.

आईला सांगायला मला दोन दिवस लागले. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी दुपारी म्हणाली, "वही घे. मला आठवतात त्या सांगते." तिला एकशे अकरा आठवल्या. मामाकडे दोन कॅसेटींची नक्कल निघाली. बाकी सात गेल्या. ओव्यांचे शब्द काही प्रमाणात आले, पण घरघर आणि कोंबड्या नाही आल्या.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो, म्हणून तर हा सगळा इतिहास मला माहीत आहे. डेस्कटॉपवाल्यांनीही या काळात खूप काही केलं. केडीईने २००० साली आणि नोमने २००८च्या जीव्हीएफएसमधून फाइल मॅनेजरातच दूरची फोल्डरं उघडायची सोय दिली. पण ती फाइल मॅनेजरला दिसतात, सगळ्याच प्रोग्रामांना नीट दिसतात असं नाही. २०१०मधे सिस्टिमडी आलं आणि ऑटोमाउंटर वेगळा बसवायची गरज संपली. आता एफएसटॅबच्या ओळीत 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' एवढा शब्द टाकला की नाव काढताच जोडणी होते. 'नोफेल' टाकलं की सर्व्हर नसला तरी यंत्र चालू होताना अडत नाही. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्रायने विंडोजच्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला. त्याच सप्टेंबरात लिनक्सच्या ४.१३ कर्नलने ती जुनी आवृत्ती आपणहून वापरणं सोडलं. किती तरी जणांचे जुने डबे त्या अपडेटनंतर अचानक जोडले जाईनात.

ऑटोमाउंटरची थोरवी मला सोयीत वाटत नाही. सुरुवातीला एकदा जोडणी फसली म्हणून तो पुढे गप्प बसत नाही, दरवेळी नाव काढलं की नव्याने दार वाजवतो. आणि पलीकडे कुणी नसेल तर रिकामं फोल्डर पुढे करून वेळ मारून नेत नाही. "नाही" म्हणतो. दूरचं जवळ भासवणाऱ्या यंत्रणेकडून माझी आता एवढीच अपेक्षा आहे, की जवळ नसेल तेव्हा तसं सांग.

मुलीच्या लॅपटॉपवर मी आणखी एक केलं, तिला न सांगता. डबा जोडण्याआधी त्या मूळ रिकाम्या फोल्डरात एक फाइल ठेवली आणि मग ते फोल्डर असं बंद केलं की त्यात आणखी काही लिहिताच येऊ नये. डबा जोडलेला असेल तोवर ती फाइल झाकलेली राहील. ती कधी दिसलीच तर तिचं नाव आहे: 'हा डबा नव्हे'.

आणि वर्षातून दोनदा मी दुसऱ्या यंत्रापुढे प्रत्यक्ष जाऊन बसतो आणि त्या उरलेल्या दोन कॅसेटी तिथून वाजवून पाहतो. आई असली की तीही येऊन बसते. पहिल्या कॅसेटीत तेराव्या मिनिटाला आजी मधेच थांबून मामाला विचारते, "हे चालू आहे ना रे?"